उबदार पाण्यातली जुनी शिडाची बोट विकताना

घेणारा बोटीवर आला की आधी इंजिन बघत नाही, शिडंही बघत नाही. केबिनची झडप सरकवतो, खाली वाकतो आणि श्वास घेतो. बुरशी, डिझेल आणि संडासाच्या नळ्या यांचा मिळून जो एक वास होतो, तो नाकात गेला की सौदा तिथेच अर्धा मोडतो. आमची अकरा मीटरची, बत्तीस वर्षांची बोट विकायला चौदा महिने लागले. त्यातले पहिले सहा या वासानं खाल्ले, कारण आम्हा दोघांना तो येतच नव्हता. शेवटी एका मैत्रिणीला वर बोलावलं आणि म्हटलं, खरं सांग. तिनं सांगितलं.

सुगंधी फवारे मारू नका, त्यानं संशयच वाढतो. बिल्ज, म्हणजे फळ्यांखालची पाणी साचणारी तळाची जागा, घासून कोरडी करा, गाद्यांच्या खोळी धुवा, कपाटांची दारं उघडी ठेवा. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं संडासाच्या नळीला गुंडाळायचं आणि निवल्यावर हुंगायचं. घाण आली तर नळी बदलायची, नुसती धुऊन भागत नाही. बोट बंद करून जाणार असाल तर किनाऱ्याच्या विजेवर डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा शोषणारं यंत्र) लावून त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा. त्याचा पाण्याचा डबा भरला की यंत्र थांबतं, आणि बंद केबिनमध्ये बुरशी लगेच परतते.

वास गेला की भीतीचं बघायचं. घेणारा बहुधा थंड प्रदेशातून येतो आणि उष्ण पाण्याबद्दल बरंच ऐकून येतो. ते सगळं खोटं नसतं. फायबरग्लासच्या तळात पाणी हळूहळू मुरतं, आतल्या रसायनांशी मिसळतं, आणि जेलकोट या वरच्या गुळगुळीत थराखाली फोड येतात. फोड फुटला की व्हिनेगरसारख्या आंबट वासाचा द्रव बाहेर येतो. पाणी जितकं उबदार, तितकं हे लवकर. बोट क्रेननं उचलल्याबरोबर, तळ ओला असतानाच फोटो काढा, कारण वाळल्यावर लहान फोड बसतात आणि नंतर सर्व्हेअरला (घेणाऱ्यानं बोट तपासायला आणलेल्या तज्ज्ञाला) सापडले की तुम्ही लपवलेत असं होतं. आमच्या तळाला वीस-बावीस होते, मोठ्यात मोठा रुपयाएवढा. आम्ही खडूनं गोल करून, मोजपट्टी धरून फोटो जाहिरातीतच टाकले. थोडे आणि उथळ फोड असतील तर विक्रीसाठी म्हणून अख्खा जेलकोट सोलू नका. तळ सुकायलाच महिने जातात आणि तो खर्च किमतीत भरून येत नाही.

डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांकडे मात्र कानाडोळा नको. स्टेनलेस स्टील गंजत नाही हा गैरसमज आहे. जिथे खारं पाणी अडकतं आणि हवा पोचत नाही, तिथे ते आतून कुरतडलं जातं. डेकमधून खाली जाणाऱ्या चेनप्लेट, म्हणजे तारा बोटीला जखडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, ही त्याची आवडती जागा. आमच्या एका चेनप्लेटखाली लाकडावर चहाच्या रंगाचा ओघळ होता. मी तो दोन वर्षं पुसत होते, सर्व्हेअरनं दोन मिनिटांत त्यावरच बोट ठेवलं. तारांचं वय दहा-पंधरा वर्षांच्या पुढे गेलं की विमा कंपन्या बहुधा नव्या मागतात, आणि घेणाऱ्याला विमा मिळाला नाही तर कर्जही अडतं. तारा बदलल्याची तारखेची पावती शोधून ठेवा. पावती नसेल तर तारा बोटीइतक्याच जुन्या धरल्या जातात.

उन्हात शिडाच्या कापडाआधी शिलाई मरते. नखानं टाका ओढून बघा, तुटला तर शीड शिवायला द्या, नवं घेऊ नका. बॅटऱ्याही नव्या नकोत. उष्णतेनं लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य असंही झपाट्यानं घटतं, त्यामुळे घेणारा त्या बदलायचं धरूनच चालतो. नवा चार्टप्लॉटर (पडद्यावर सागरी नकाशा दाखवणारं यंत्र) तर मुळीच नको, त्याला त्याच्याच आवडीचा हवा असतो. उलट बंद पडलेला पंखा आणि न लागणारा दिवा दुरुस्त करा. प्रत्येक बटण चाललं पाहिजे. सेलड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद तळातल्या भोकातून थेट खाली प्रोपेलरला देणारी रचना, असेल तर ते भोक बंद ठेवणारा रबरी पडदा (डायफ्राम) कधी बदलला तेही लिहून ठेवा. व्होल्व्हो पेंटा ही इंजिन कंपनी तो ७ वर्षांनी बदलायला सांगते.

आता माझा मूर्खपणा. घेणाऱ्यासाठी बोट समुद्रात चालवून दाखवायच्या चाचणीच्या सकाळी इंजिन पटकन सुरू व्हावं म्हणून मी ते अर्धा तास आधीच चालवून ठेवलं. सर्व्हेअर आला, झाकण काढलं, इंजिनवर तळवा टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. इंजिन ठणठणीत होतं, पण त्यानंतर माझी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासली गेली. इंजिन थंडच ठेवा. पहिला धूर त्यांना बघू द्या.

हंगामाचंही गणित आहे. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्याच्या तोंडावर कंटाळलेले सगळेच मालक बोटी बाजारात आणतात. आम्हीही मे महिन्यातच आणली होती. त्यापेक्षा पावसाळ्यात कामं उरकून ऑक्टोबरात जाहिरात द्या, तेव्हा घेणाऱ्याला याच हिवाळ्यात निघायची घाई असते.

कागद जाहिरातीच्या आधी जमवा: आधीच्या मालकांपासूनची विक्रीपत्रं, नोंदणी, इंजिनचा क्रमांक, कर्ज फिटल्याचा दाखला. बोट परक्या झेंड्याखाली, तात्पुरत्या आयातीवर उभी असेल तर तिथेच विकल्यावर आयात शुल्क लागू शकतं. कस्टम्सला आधी विचारा. युरोपीय संघातली बोट असेल तर व्हॅट भरल्याचा पुरावा मागतातच. प्रस्ताव लेखी घ्या. साधारण दहा टक्के अनामत त्रयस्थ खात्यात, सर्व्हे आणि चाचणीच्या अटीवर, आणि बोट उचलण्याचा खर्च घेणाऱ्याचा, ही सर्रास पद्धत आहे.

किल्ल्या दिल्यावर एक काम राहतं. बोटीवरच्या ४०६ मेगाहर्ट्झच्या संकट-बीकनवर, म्हणजे उपग्रहामार्फत मदत मागणाऱ्या यंत्रावर, अजून तुमचंच नाव आहे. त्याच दिवशी नोंदणी बदला. नाहीतर नवा मालक समुद्रात अडकेल आणि बचाव केंद्र रात्री अडीचला तुम्हाला उठवून विचारेल, बोटीवर किती माणसं आहेत?