वॉर्डातले स्वॅब ‘निगेटिव्ह’? या चुका टाळा

उलट्या-जुलाबांचे पेशंट वाढले, नोरोव्हायरसचा संशय आला की घाईघाईने वॉर्डातल्या जागांचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) घेतले जातात. सगळे निगेटिव्ह. वॉर्ड उघडतो आणि दोन दिवसांत उलट्या पुन्हा सुरू. मग कळतं, मावशींनी बेडचे कठडे नुकतेच हायपोने (क्लोरीनच्या जंतुनाशकाने) पुसले होते आणि ओल्या कठड्यावरूनच स्वॅब फिरला. उरलेलं क्लोरीन नळीत जातं, वाटेत आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) तोडतं, तो शोधणारी पीसीआर चाचणीही दाबतं. इंटर्नल कंट्रोलचा (चाचणी नीट चालली का, हे पाहायला मुद्दाम घातलेल्या आरएनएचा) सीटी (कितव्या फेरीला तो दिसला, तो आकडा) एरवी २९ येतो, तिथे ३५ आलेला असतो. पण तो रकाना वाचतो कोण!

म्हणून स्वॅब सफाईच्या आधी. सफाईच तपासायची असेल तर जागा पूर्ण सुकू द्या आणि स्वॅब न्यूट्रलायझिंग बफरमध्ये (जंतुनाशक निष्प्रभ करणाऱ्या द्रावणात) भिजवा: क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट, क्वाट जंतुनाशकांसाठी लेसिथिन आणि ट्वीन-८०. कंट्रोल उशिरा आला तर काढलेला आरएनए १० पट पातळ करून पुन्हा लावा. अडथळा नसेल तर कंट्रोलचा सीटी साधारण ३.३ ने वाढतो. तेवढा वाढला नाही किंवा उलट घटला, तर अडथळा होताच. अशा नमुन्यावर ‘निगेटिव्ह’ लिहू नका, ‘इनव्हॅलिड’ लिहा. वॉर्ड उघडायची कितीही घाई असो.

उलट टोकाची चूक नवशिक्यांची: एका वेलमध्ये (चाचणीच्या खळग्यात) विषाणूचा सीटी ३७ दिसला की धावपळ. पीसीआरला आरएनए दिसतो. विषाणू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. आधी फील्ड ब्लँक बघा (स्वॅब उघडायचा, कुठेही न टेकवता नळीत टाकायचा), मग तोच नमुना पुन्हा लावा. फील्ड ब्लँक घेतलाच नसेल तर त्या ३७ ला काही अर्थ नाही.

एटीपी (पेशींतलं ऊर्जेचं रसायन) मोजणाऱ्या मीटरने विषाणू सापडत नाही. विषाणूत एटीपी नसतं. तो आकडा फक्त मळ सांगतो. यावर वाद नको.

लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचा बोळा पीसीआरला मारक. प्लॅस्टिक काडीचा पॉलिएस्टर किंवा फ्लॉक्ड नायलॉन स्वॅब घ्या.

‘थोडंसं पुसलं’ हे माप नव्हे. १० × १० सेंमीची चौकट ठेवा. आडवा, उभा, तिरपा, स्वॅब फिरवत. कॉलबेलसारखी छोटी वस्तू अख्खी पुसा आणि तसं लिहा.

नमुने २ ते ८ अंशांत. ७२ तासांपुढे लांबणार असेल तर थेट उणे ७०. घरगुती फ्रीजचा फ्रीझर चालत नाही.

लेबल नळीवर लावा, झाकणावर नको. आणि साध्या मार्करने लिहू नका, स्पिरिट लागलं की शाई जाते.