जपानी कंपनीच्या मुलाखतीसाठी शब्दांची तयारी

मुलाखतीची तारीख ठरली की वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद, उजवीकडे त्याच अर्थाचा चिनी मुळाचा शब्द, म्हणजे कांगो. ‘हाजिमेरु’समोर ‘काइशि’, ‘एराबु’समोर ‘सेन्ताकु’. मुलाखतीत कामकाजाचं बोलणं सुरू झालं की उजव्या बाजूचे शब्द जास्त लागतात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या प्रमाणित परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, त्यामुळे तिची एन२ ही वरून दुसरी पातळी पास झालेल्यांनाही हे शब्द वाचता येतात, पण तोंडात येत नाहीत. म्हणून प्रत्येक शब्द पूर्ण वाक्यात, मोठ्याने म्हणा.

ही यादी देवनागरीत उतरवू नका, हिरागाना या जपानी उच्चारलिपीत लिहा. आपला ‘ओ’ एकच; जपानीत ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन. ‘जोगेन’ म्हणजे सल्ला, ‘जोऽगेन’ म्हणजे कमाल मर्यादा. मराठी भाषकांची सर्वांत जास्त गफलत इथेच होते, आणि इथेच चिनी मूळ उपयोगी पडतं. आजच्या मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, कांजीचा (जपानीतल्या चिनी अक्षराचा) उच्चार ‘ंग’ने संपत असेल, तर जपानी ओन वाचन (चिनीवरून आलेला उच्चार) बहुधा दीर्घ असतं, ‘न’ने संपत असेल तर जपानीतही ‘न’ येतो. ‘शिबोऽ दोऽकि’, म्हणजे या नोकरीसाठी अर्ज का केला त्याचं कारण, यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कांजी चिनीत ‘वांग’ आणि ‘दुंग’. म्हणून ‘बोऽ’ आणि ‘दोऽ’ दोन्ही लांब. ‘चोऽशो’ (जमेची बाजू) आणि ‘तान्शो’ (उणी बाजू) यांतही तेच: ‘छांग’चा ‘चोऽ’, ‘दुआन’चा ‘तान’. मँडरिन येत नसेल तरी शब्दकोशात पिनयिन (रोमन लिपीतला चिनी उच्चार) पाहायला दहा सेकंदं लागतात.

नियमाला फाटे आहेत, तेही टिपून ठेवा. ‘झान्ग्योऽ’ (जादा वेळचं काम) मधला ‘ग्योऽ’ चिनीत नुसता ‘ये’ आहे. त्याच्या शेवटी पूर्वी ‘प’ होता; जपानीत त्याचा दीर्घ स्वर झाला. ‘क’ने संपणाऱ्या उच्चारांना जपानीने मागे स्वर जोडला: देशाच्या कांजीचा ‘कोकु’, शिकण्याच्या कांजीचा ‘गाकु’. उत्तर चीनच्या बोलींतून हे शेवटचे व्यंजन गळून ‘गुओ’, ‘श्युए’ उरले; कँटनच्या बोलीत ते अजून ऐकू येतात.

आता शब्द सुटे पाठ न करता कांजीच्या कुळाने मांडा. एकट्या ‘ग्योऽ’वर किग्योऽ (उद्योगसंस्था), ग्योऽकाइ (उद्योगक्षेत्र), एइग्योऽ (विक्री), ग्योऽमु (कामकाज) आणि सोत्सुग्योऽ (पदवी पूर्ण करणं) उभे राहतात. ‘शोकु’वर शोकुरेकि, तेन्शोकु, ताइशोकु: कामाचा इतिहास, नोकरी बदलणं, नोकरी सोडणं. अशी आठ-दहा कुळं पक्की झाली की अनोळखी शब्दही निम्मा कळतो. मात्र एका कांजीला दोन ओन वाचनं असू शकतात. माणसाची कांजी ‘क्यूजिन’ (नोकरभरती) आणि ‘जिन्जि’ (मनुष्यबळ विभाग) मध्ये ‘जिन’, तर ‘होन्निन’ (स्वतः ती व्यक्ती) मध्ये ‘निन’. ‘निन’ दक्षिण चीनमधून आधी आला, ‘जिन’ पुढे तांग काळात. जोडी ओळखायला तर्क चालत नाही, पाठांतरच करा.

चिनी शिकलेल्यांनी अर्थाबाबत सावध राहा. मराठीत शिक्षा म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षण, तसंच इथे. ‘केइरि’ म्हणजे जपानीत हिशेब विभाग. तीच अक्षरं चिनीत ‘जिंगली’, व्यवस्थापक. अर्जात पद लिहिताना ही चूक महागात पडते. ‘केन्तोऽ’ जपानीत विचार करणं, चिनीत चुकीची कबुली देणं.

कंपनीचा उल्लेख बोलताना ‘ओन्शा’, लिहिताना ‘किशा’. किशा म्हणजे बातमीदारही आणि आगगाडीही, म्हणून तो तोंडी वापरत नाहीत. ‘रिरेकिशो’वर, म्हणजे जपानी बायोडेटावर, सगळी वर्षं एकाच पद्धतीने लिहा, इसवी सन किंवा सम्राटाच्या राजवटीचं जपानी वर्ष: इसवी सनातून १९८८ वजा केले की हेइसेइ, २०१८ वजा केले की रेइवा. २०१९ दोन्हींत येतं. एप्रिलपर्यंत हेइसेइ ३१, मेपासून रेइवा ‘गान्नेन’ (पहिलं वर्ष). फोटो ४ बाय ३ सेंटिमीटर.

एका मिनिटाची ओळख साधारण ३०० अक्षरांची लिहा. स्वतःच्या नावामागे आदरार्थी ‘सान’ लावू नका, ‘तो मोऽशिमासु’ (माझं नाव अमुक, हे नम्रपणे) म्हणा. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का असं विचारतात, तेव्हा कामाबद्दलचे दोन प्रश्न तयार हवेत. एखादा शब्द कळला नाही तर अंदाजाने उत्तर देऊ नका. ‘ओसोरेइरिमासु गा, मोऽ इचिदो ओनेगाइ इताशिमासु’ (माफ करा, कृपया पुन्हा एकदा सांगा) हे वाक्य अडखळल्याशिवाय म्हणता येईपर्यंत घोटा.