गल्ल्यात पैसा दिसायचा, हातात उरायचा नाही

सोलापुरात आमचा शेंगाचटणीचा घरगुती धंदा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला माल हातोहात खपायचा, तरी फेब्रुवारीत दाण्याचं पोतं आणायला उसनवारी करावी लागायची. मला वाटायचं, विक्रीच कमी पडतेय.

एका रविवारी तराजू घेऊन बसले. एक किलो कच्चे दाणे भाजले, सालं पाखडली, काळे-खवट वेचून काढले आणि पुन्हा तोलले. 910 ग्रॅम! ही घट मी कधी दरात धरलीच नव्हती. लसूण सोलणाऱ्या मावशींची मजुरी, गॅस, पाकीट, माझा वेळ, काहीच नाही. शेजारच्या दुकानाचा भाव बघून माझा भाव ठरायचा. त्या दिवशी पहिल्यांदा हिशोबाने दर लावला. दोन गिऱ्हाइकं तुटली, बाकीची टिकली.

शिवाय घरचा किराणा, मुलांची फी सगळं गल्ल्यातूनच जायचं. आता धंद्याचं खातं वेगळं, आणि एक तारखेला मी स्वतःला ठरलेला पगार देते. मध्येच पैसे लागले तर वहीत उचल म्हणून लिहिते. हे फार जड गेलं, खरंच.

राहिली उधारी. बाहेरगावच्या एका दुकानदाराने चार महिने पैसे अडकवले होते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती केली. तेव्हा कळलं, 2006 च्या कायद्याने सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यावेच लागतात, उशीर झाला तर व्याजासकट. ही ओळ आता बिलावरच छापते.

यंदाचं पोतं रोखीने आणलं.