रेघेच्या आधी यंत्र थांबवा

सुतारकाम शिकणारी मुलं विचारतात, यंत्र घेऊ की हातहत्यार? मी विचारतो, मापाच्या रेघेपर्यंत किती लाकूड उरलंय? मिलिमीटरहून जास्त असेल तर खुशाल यंत्र चालवा. त्याच्या आत आलात की बटण बंद करा आणि पटाशी, म्हणजे लाकूड सोलायची सपाट छिन्नी, उचला.

हे मी चूक करून शिकलो. एकदा दाराच्या चौकटीची कुसवं, म्हणजे आडव्या दांड्यांची उभ्यांच्या खाचेत बसणारी टोकं, वेळ वाचवायला यंत्रावरच थेट रेघेपर्यंत कापली. खाचेत घातली तर सैल. गोंद भरून भागणार नव्हतं, कारण लाकडाला लाकूड भिडलं तरच गोंद धरतो. दोन्ही उभे दांडे सरळ होते, पण आडवे पुन्हा करावे लागले.

आता मी खूण पेन्सिलीने नाही, धारदार पात्याने मारतो. तंतू आधीच कापले जातात आणि पटाशीचं टोक त्या चिरेत आपोआप बसतं. गोल करवतीचं पातं 2-3 मिलिमीटर लाकूड खातं, म्हणून ते नेहमी रेघेच्या टाकाऊ बाजूला धरा. मग पटाशीने पातळ पातळ सोलत या. कुसू हाताने दाबून अर्धं आत जावं आणि बाकीचं लाकडी हातोड्याच्या दोन-तीन टोल्यांत. जास्त ठोकावं लागलं तर बाहेर काढा. जिथे घासून चकाकलंय, तिथेच सोला.

पण पटाशी बोथट असेल तर यातलं काहीच जमणार नाही. आधी तिची सपाट पाठ दगडावर घासून घ्या, हे बरेच जण टाळतात. मग साधारण 30 अंशांत धरून 1000 नंबरच्या दगडावर घासा (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). पाठीकडून अंगठा धारेच्या बाहेर सरकवत न्या, घासून मागे वळलेल्या धातूची बारीक खरखर या टोकापासून त्या टोकापर्यंत लागली पाहिजे. मध्ये तुटली तर धार अजून आलेली नाही. त्यानंतर 6000 वर घासून ती खरखर काढा. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर चालवून बघा: काप चकचकीत आला तर ठीक, पांढरट चुरा झाला तर पुन्हा दगडावर.

हातरंधा आणि यंत्राचा रंधा यांतही हात-यंत्राचा तोच फरक. तंतू वर चढत जातात त्या दिशेने ढकला. उलटं गेलात तर हाताला लगेच झटका बसतो, आवाज फाटतो, तुम्ही थांबता. यंत्राचा रंधा मात्र ढलपी उपटून मोकळा होतो, कळेपर्यंत खड्डा पडलेला असतो.

आणि यंत्राचं पातं बदलताना आधी प्लग काढा. दर वेळी.