हिरव्या खेकड्याचा रंग बघू नका, दाते मोजा
(अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात प्युजेट साउंड या खाडीच्या काठी कालवं आणि तिसऱ्या पिकवणाऱ्या मराठी मंडळींसाठी)

प्युजेट साउंडच्या काठाला हिवाळ्यात मोठी ओहोटी रात्री लागते, उन्हाळ्यात मात्र भर दिवसा. म्हणून तिसऱ्यांचे वाफे आणि कालवांच्या पिशव्या नीट बघून घ्यायचे दिवस हेच. बघताना युरोपियन ग्रीन क्रॅब, म्हणजे हा हिरवा खेकडा, आलाय का, याची खात्री करा. अर्ध्या इंचाच्या ४० तिसऱ्या एकटा खेकडा एका दिवसात फस्त करू शकतो.

हा मूळचा युरोप आणि उत्तर आफ्रिकेचा. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सापडला, १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या विलापा खाडीत, आणि २०१६ मध्ये आतल्या समुद्रात, सॅन वान बेटावर. २०२१ मध्ये लमी या मूळनिवासी जमातीच्या समुद्रतळ्यातून ७० हजारांहून जास्त खेकडे काढावे लागले. पुढच्याच जानेवारीत राज्याने आणीबाणी जाहीर केली.

नाव हिरवा, पण रंगावर जाऊ नका. तो तपकिरी असतो, पिवळट असतो, पोटाकडे नारिंगी-लालही असतो. उलट इथले कितीतरी देशी खेकडे हिरवट दिसतात. आकारही फसवा: पूर्ण वाढला तरी कवच चार इंचांच्या आत, आणि पिल्लं तर नखाएवढी.

खरी खूण कवचाच्या कडेला आहे. डोळ्यापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला टोकदार दाते मोजत जा. प्रत्येक बाजूला पाच, ना कमी ना जास्त. दोन डोळ्यांच्या मधे तीन बोथट उंचवटे. कोकणात चिंबोऱ्या हाताळलेल्यांना हे लगेच कळेल, कारण चिंबोरीला एकेका बाजूला नऊ दाते असतात आणि मागचे पाय वल्ह्यासारखे. याचे मागचे पाय किंचित चपटे, पण वल्हं नाही. इथल्या डंजनेस खेकड्याच्या पिल्लाला दहा बारीक दाते असतात, केसाळ पायांच्या छोट्या किनारी खेकड्याला तीनच. गोंधळ होतो तो अशाच देशी खेकड्यांशी.

उघड्या, लाटांच्या पुळणीवर वेळ घालवू नका. शांत, चिखलाच्या खाड्या, खारफुटीसारख्या गवताळ दलदलीतले ओहोळ, भरतीच्या पाण्याच्या मोऱ्या, जाळ्यांच्या कडा, कालवांच्या खाली बघा. भरतीने सोडलेल्या शेवाळाच्या रेषेत टाकलेली रिकामी कात मिळते, तीही उचलून मोजा. मला स्वतःला जिवंत खेकड्यापेक्षा कातच सोपी वाटते, चावत नाही आणि पळत नाही.

सापडलाच, तर चिरडू नका आणि घरीही आणू नका. वॉशिंग्टनमध्ये परवान्याशिवाय तो जवळ बाळगणं बेकायदा आहे, आणि ओळख चुकून देशी खेकडे मारले जातात हे दुःख वेगळंच. वरून जवळचा फोटो काढा, डोळे आणि दाते स्पष्ट दिसू द्या, शेजारी नाणं ठेवा. जागा लिहून ठेवा, खेकडा तिथेच सोडा आणि राज्याच्या मासे व वन्यजीव खात्याला त्याच दिवशी कळवा. तुमच्या किनाऱ्यावर सापळे लावायचे असतील तर परवाना त्याच खात्याकडे मागायचा. ऑरेगॉनचे नियम वेगळे आहेत, तिकडच्या मित्राचं ऐकून इथे वागू नका.

एका खाडीतली पिशवी, बी (कालवांची-तिसऱ्यांची पिल्लं) किंवा जाळं दुसऱ्या खाडीत नेण्याआधी हस्तांतराचा परवाना घ्या, शिंपले उलटून खाचा बघा, साहित्य धुऊन पूर्ण वाळवा.