मुंबईची पार्टी दापोलीत पाठवताना एजंटांनी आपसात काय ठरवावं

मी दापोलीत जमिनीची दलाली करते. ठाणे-डोंबिवलीच्या एजंटांचे फोन साधारण असेच येतात: "ताई, एक पार्टी आहे, समुद्राजवळ दहा गुंठे हवेत." आणि लगेच नाव, नंबर. मी तिथेच थांबवते. नंबर नंतर द्या, आधी दोन गोष्टी सांगा: पार्टी शेतकरी आहे का, आणि दलालीत तुमचा वाटा किती धरायचा.

फ्लॅटच्या धंद्यातल्या माणसाला पहिला प्रश्न सुचतच नाही. फ्लॅट घेताना शेतकरी असल्याचा पुरावा कोण मागतं? पण आमच्याकडे विक्रीला येते ती बहुतेक वरकस (हलकी, उताराची जमीन), कातळ (खडकाळ सडा), नाहीतर आंबा-काजूची बाग. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. पार्टीकडे शेतकरी असल्याचा कागद नसेल तर तिला बिनशेती प्लॉटच दाखवायचा. हे फोनवर कळलं नाही, तर ती माणसं पहाटे खेडला गाडीतून उतरतात, तिथून दापोली, तिथून कर्दे, बाग बघून खूश होतात आणि संध्याकाळी मला त्यांना "नाही जमणार" म्हणावं लागतं. त्यांचा दिवस जातो, बागेचा मालक ताटकळतो आणि पाठवणाऱ्या एजंटाचा शब्द पडतो.

म्हणून पार्टीबरोबर माहिती पाठवा. बजेट किती, पैसे हातात आहेत की कर्ज काढणार, जागा कशाला हवी. घर, बाग आणि होमस्टे या तीन वेगळ्या गरजा आहेत. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत सीआरझेडचे (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचे) निर्बंध येतात, त्यामुळे होमस्टेवाल्याला इथल्या, दापोलीच्या मुरुडच्या किनाऱ्यालगतची जागा दाखवण्याआधी मला ते ठाऊक हवं. निर्णय घरात कोण घेतं, हेही सांगा. नवरा फोन करतो, पैसे सासऱ्यांचे असतात, असं पुष्कळदा निघतं.

आता वाटा. माझी पद्धत अशी: नुसतं नाव पाठवलं तर माझ्या दलालीतले 25 टक्के. पाठवणारा साइटवर आला, बोलणीत बसला, खरेदीखतापर्यंत पार्टी सांभाळली, तर निम्मे. समजा 24 लाखांची जमीन आहे आणि पार्टीकडून 2 टक्के ठरलेत, तर दलाली 48,000. नाव पाठवणाऱ्याचे 12,000, सोबत राबणाऱ्याचे 24,000. दुसऱ्या तालुक्यात आकडे वेगळे असतील, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण तो वाटा जमिनीच्या किमतीवर की दलालीवर, आणि खरेदीदाराकडच्या दलालीत की दोन्हीकडच्या, हे स्पष्ट बोला. भांडणं टक्क्यांवरून कमी होतात, "कशाचे टक्के" यावरून जास्त.

बोलून झालं की मी व्हॉट्सअॅपवर लिहून टाकते: "ठाण्याची पार्टी, बजेट 25 लाखांपर्यंत, बिनशेती. तुमच्याकडून आज आली. सहा महिन्यांत माझ्यामार्फत कोणतीही जागा घेतली तर माझ्या खरेदीदाराकडच्या दलालीतले 25 टक्के तुमचे. खरेदीखत झाल्यावर बँकेतून." समोरून "मान्य" आलं की मगच नंबर घेते. हाच मेसेज पुढे कामी येतो, कारण तीच पार्टी कल्याणच्या दुसऱ्या कोणाकडूनही माझ्याकडे येते. ज्याचा लेखी मेसेज आधी, पार्टी त्याची. पार्टीलाही मी पहिल्याच भेटीत सांगते की तुम्हाला ज्यांनी पाठवलं त्यांना माझ्या दलालीतून वाटा जाईल, तुमच्यावर बोजा नाही. लपवलेलं पुढे बाहेर येतंच, आणि तेव्हा जमिनीच्या भावावरचाही विश्वास उडतो.

व्यवहार विसारावर, म्हणजे आगाऊ दिलेल्या टोकनवर, थांबला तर वाट बघा. सातबाऱ्यावर अकरा भावंडांची नावं, त्यातली चार मुंबईत, एका बहिणीचा हक्कसोड (वाटा सोडल्याचा दस्त) झालेलाच नाही, असं इथे नेहमीचं आहे. टोकन मिळालं म्हणून पाठवणाऱ्याने वाटा मागू नये. विसार परत करायची वेळ येऊ शकते. पण मी दर पंधरवड्याला त्याला एक ओळ कळवते, कुठे अडलंय ते. पार्टी त्याच्याच ओळखीची असते, उत्तर त्यालाही द्यावं लागतं.

उलट्या दिशेनेही हेच. हर्णैचं घर विकून मुलाजवळ बदलापूरला फ्लॅट घेणारे असतात, त्यांना मी तिकडच्या एजंटाकडे पाठवते. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट असेल तर तो एजंट महारेरात (राज्याच्या रेरा प्राधिकरणात) नोंदलेला हवाच. त्यात मला हिस्सा घ्यायचा तर माझीही नोंदणी हवी, असंच मी धरते. नोंदणी पाच वर्षांची असते, तिची मुदत पाठवण्याआधी तपासा.

खरेदीखत झालं की पाठवणाऱ्याला सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू, नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा) प्रत पाठवा. त्यावर मोबदला छापलेला असतो, हिशोब त्याला स्वतः करता येतो. त्याच्याकडून बिल घ्या, रोख देऊ नका. त्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली असेल तर त्याच्या बिलात 18 टक्के जीएसटी येईल. तो वाट्याच्या आत की वर, हे सुरुवातीच्या मेसेजमध्येच लिहा.