श्रद्धा वरून भुरभुरायची नाही, धड्यात मुरवायची: प्राथमिकच्या टीचरांसाठी

जूनमध्ये आमच्या कॅथलिक शाळेत नवीन टीचर आल्या की पहिल्या महिन्यातच विचारतात, सिस्टर (शाळा चालवणाऱ्या नन) म्हणाल्या प्रत्येक विषयात फेथ, म्हणजे श्रद्धा, आणायची, पण गणितात ती आणायची कुठून? आणि मग पंधरा दिवसांनी त्यांच्या वहीत बघावं तर उदाहरणातले आंबे गेलेले असतात आणि तिथे जपमाळा आलेल्या असतात, ३ टोपल्यांत प्रत्येकी १० जपमाळा तर एकूण किती. ह्याने मुलाच्या मनात काहीही होत नाही हो, आंबेच बरे होते त्यापेक्षा. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच केलं, म्हणून सांगतेय. नाशिकमध्ये कॅथलिक शाळेत प्राथमिकला शिकवते, आणि इतक्या वर्षांत जे खरंच जमलं तेच इथे लिहिते.

भाजीत मीठ शिजतानाच घालायचं असतं, वरून घातलं की ते वेगळं लागतं, तसंच हे आहे. तुमचा धडा तपासायला एकच कसोटी लावा, त्यातला श्रद्धेचा भाग काढून टाकला तर धड्याला काही फरक पडतो का? नसेल पडत तर तो चिकटवलेला आहे. आणि धडा आधी नीट शिकवायचा, पूर्ण तयारीने. ज्या मुलाला भागाकार आला नाही त्याला त्या तासाला देव भेटला असं मी तरी मानत नाही.

गणितापासूनच सुरू करते, कारण सगळे तिथेच अडतात. बायबलमधल्या मत्तयच्या २० व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला आहे, आणि आपण तर नाशिकचे, आपल्या मुलांना द्राक्षमळा काय ते समजावून सांगावं लागत नाही. मालक पहाटे मजूर आणतो, मग तिसऱ्या तासाला, सहाव्या, नवव्या आणि शेवटी अकराव्या तासाला. आता इथे घड्याळाचा धडा आपोआप आला. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे तिसरा तास सकाळचे ९, सहावा दुपारचे १२, नववा ३ आणि अकरावा संध्याकाळचे ५. फळ्यावर दोन घड्याळं काढा, एक त्यांचं एक आपलं, मुलांना फार आवडतं. मग विचारा, ६ वाजता सुट्टी झाली तर कोणी किती तास काम केलं? १२, ९, ६, ३ आणि १. संध्याकाळी मालकाने सगळ्यांना सारखीच मजुरी दिली, एकेक दिनार. दिनाराच्या जागी ७२० रुपये धरा, हा आकडा मी मुद्दाम शोधलाय, सगळीकडे पूर्ण भाग जातो. मुलं पटापट काढतात, पहिल्याला तासाला ६०, दुसऱ्याला ८०, मग १२०, मग २४० आणि शेवटच्याला तासाला ७२०!

आणि मग वर्गात भांडण सुरू होतं, आणि ते होऊ द्या. अन्याय आहे टीचर, असं निम्मा वर्ग म्हणतोच. तेव्हा विचारायचं, जो संध्याकाळी ५ पर्यंत नाक्यावर उभा होता तो का उभा होता? आपल्याकडे सकाळी मजूर नाक्यावर माणसं उभी असतात ती मुलांनी रिक्षातून येताना पाहिलेली असतात, द्राक्षाच्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात हेही कोणाकोणाला माहीत असतं. एका वर्षी तिसरीतली एक मुलगी म्हणाली, टीचर त्याच्या घरीपण रात्री तेवढीच भाकरी लागते ना. मी काही बोलले नाही, फळ्यावरचे आकडे तसेच ठेवले आणि तास संपवला. इथे भागाकार काढून टाका, दाखला अर्धा होतो, आणि दाखला काढून टाका तर नुसती पाच उदाहरणं उरतात, मुरलंय म्हणजे काय ते हेच.

एक चूक मात्र सांगायलाच हवी. पाच भाकरी आणि दोन मासे ह्यांत येशूने पाच हजार पुरुषांना जेवू घातलं आणि वर १२ टोपल्या उरल्या, ही बायबलमधली गोष्टही मी गणितात घेतली होती, चौथीला. एका मुलाने हात वर केला, टीचर पाच भाकरी पाच हजारांत वाटल्या तर एकाला चिमूटभरही येत नाही, मग १२ टोपल्या उरल्या कशा? मी घाईत होते, म्हटलं देवाचं काम आहे ते, खाली बस. तो बसला, आणि नंतर कितीतरी दिवस त्याने माझ्या तासाला हात वर केला नाही. मला ते लागलं. मग एक दिवस मी वर्गासमोर म्हटलं की तुझा प्रश्न बरोबर होता, गणितात हे बसतच नाही, आणि बसत नाही म्हणूनच लोक चकित झाले, ज्याला भागाकार येतो त्यालाच कळतं की तिथे काहीतरी विलक्षण घडलं. तेव्हापासून पक्कं ठरवलंय, श्रद्धेच्या नावाखाली मुलाचा प्रश्न कधीच दाबायचा नाही.

परिसर अभ्यासाकडे वळते, माझा सगळ्यात आवडता. योहानाच्या १५ व्या अध्यायात येशू म्हणतो मी खरा द्राक्षवेल आहे, आणि जो फाटा फळ देतो त्याला अधिक फळ यावं म्हणून साफ केलं जातं. शहरातल्या मुलांना हे वाक्य पाठ असतं, पण फळ देणाऱ्या फाट्यालाच कशाला कापायचं हे कळत नाही, मला स्वतःलाही नीट कळत नव्हतं. एका वर्षी वर्गात बागायतदाराचा मुलगा होता, घरचे हिंदू, चर्चचा काही संबंध नाही. त्याला म्हटलं बाबांना विचार आणि एक काडी घेऊन ये. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून बोटाएवढी जाड काडी घेऊन आला आणि वर्गासमोर उभा राहून त्यानेच शिकवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, हे काडीवरचे फुगीर दिसतात ते डोळे, छाटल्यावर डोळ्यांना पेस्ट लावायची म्हणजे सगळे एकदम फुटतात, आणि कापलं नाही तर नुसती पानंच माजतात, घड येत नाही. मुलांनी काडी हातोहात फिरवली, डोळे मोजले, वास घेतला. मग मी बायबल उघडून ते दोनच ओळींचं वाक्य वाचलं. वर्ग एकदम शांत. त्याला पुस्तकातलं काही माहीत नव्हतं आणि आम्हाला बागेतलं, आणि दोन्ही एकच निघालं.

ह्यावरून महत्त्वाचा मुद्दा येतो. आपल्या शाळांमध्ये बहुतेक मुलं कॅथलिक नसतात. घटनेचं कलम ३० आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क देतं, तसंच कलम २८ (३) हेही सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कायदा नसता तरी हेच बरोबर ठरलं असतं. म्हणून कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, वेगळ्या तासाला, फक्त कॅथलिक मुलांना, आणि त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. वर्गात सगळ्यांसमोर दाखला सांगताना मी "ख्रिस्ती लोक असं मानतात" किंवा "येशूने ही गोष्ट सांगितली" असं म्हणते, "आपण सगळे मानतो" असं म्हणत नाही. कोणाला क्रूसाची खूण करायला लावू नका, कोणी हौसेने केली तर ओरडूही नका. आणि घरच्यांच्या देवाबद्दल एक शब्द वाकडा जाता कामा नये, मूल ते घरी जाऊन सांगतं आणि मुळात ते चूकच आहे.

गोदावरी शिकवताना हे फार उपयोगी पडतं. ब्रह्मगिरीला उगम, त्र्यंबकहून गंगापूर धरण, मग गावात रामकुंड. आपली मुलं नदीला गंगा म्हणतात, गंगेवर गेलो होतो म्हणतात. संत फ्रान्सिस असिसीकर आपल्या स्तोत्रात पाण्याला बहीण म्हणतो, सूर्याला भाऊ. आणि पोप फ्रान्सिस ह्यांच्या २०१५ च्या पर्यावरणावरच्या पत्राचं नावच त्या स्तोत्रावरून आलंय. कोणी आई म्हणतं कोणी बहीण म्हणतं, मग घरच्या माणसाच्या अंगावर प्लास्टिक टाकतो का आपण? एवढंच विचारा आणि मुलांना आठवडाभर घरातल्या बाटल्या-पिशव्या मोजायला लावा.

कॅलेंडरचा तास ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, जोडा. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. भिंतीवरच्या कालनिर्णयावर मुलं स्वतः शोधतात, २०२६ ला २ एप्रिलला पौर्णिमा, त्या दिवशी हनुमान जयंती, गुरुवार, म्हणून ईस्टर ५ एप्रिलला. चर्च स्वतःच्या कोष्टकाने पौर्णिमा धरतं म्हणून कधीमधी थोडा फरक येतो, ते पाचवीला सांगा, दुसरीला नको. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजायला सांगा, ४६ येतात, मग उपवासकाळ ४० दिवसांचा कसा? सहा रविवार वजा करा, कारण रविवारी उपवास नाही. मुलांना हे स्वतः सापडलं की केवढा आनंद होतो!

मराठीच्या तासाला फादर स्टीफन्स हवेतच. इंग्लंडचा माणूस, १५७९ ला गोव्यात आला, मराठी शिकला आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ ला छापलं गेलं, आणि त्यात मराठीची केवढी स्तुती केलीय त्याने. चौथीच्या मुलांना ओवी लिहायला लावा, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. विषय गव्हाणीतलं बाळ द्या, ज्यांना तो नको त्यांना स्वतःच्या घरातलं तान्हं बाळ द्या. ओव्या दोन्हीकडच्या सारख्याच गोड येतात.

नकाशा शिकवताना वसईचे संत गोन्सालो गार्सिया घ्या, वसई ते जपान बोट फिरवत न्या, १५९७ ला नागासाकीत क्रूसावर मारलं गेलं, १८६२ ला संत घोषित झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. मरणाचं वर्णन लहानांसमोर करू नका, धाडस सांगा. विज्ञानात ओल्या कापसावर वाटाणे रुजवताना मेंडेलची गोष्ट सांगा. मठात राहणारे पुरोहित होते ते, १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्याची झाडं लावून दाणे मोजत बसले आणि त्यातून आनुवंशिकता समजली. प्रार्थना आणि मोजणी एकाच माणसाने केली, हे मुलांनी लहानपणीच ऐकलेलं बरं.

चित्रकलेला नाताळच्या आधी आन्जेलो द फोन्सेका ह्यांची चित्रं दाखवा, गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहून काम केलं, त्यांची मरियामाता साडीत असते. मग मुलांना म्हणा, येशू नाशिकमध्ये जन्मला असता तर गोठा कुठे असता? कोणी पंचवटीतल्या वाड्यात काढतं, कोणी सीबीएसच्या स्टँडवर, कोणी द्राक्षाच्या शेडमध्ये. पुसायला लावू नका काहीच. संगणकाला कार्लो अकुतिस, ७ सप्टेंबर २०२५ ला संत झाला, पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा, वेबसाइट बनवायचा. पीटीत वेगळं काही करू नका, हरलेल्याशी कसं वागायचं ते शिकवलं की झालं.

सगळं एकदम नको. आठवड्याला एक विषय, एक धडा धरा, पाठ टाचणाच्या कडेला पेन्सिलीने लिहा काय जोडलं आणि मुलांनी काय विचारलं, वर्षाअखेरीला तीस-पस्तीस धडे हातात असतात आणि पुढच्या टीचरला वही देता येते. द्राक्षाची काडी मात्र वेळेवर मागा, ऑक्टोबरमध्येच पालकांना निरोप द्या, कारण एकदा छाटणी उरकली आणि काड्या बांधावर वाळल्या की डोळे दाखवायला काही उरत नाही.